भाईचारा असेल तर तो बिलात लिहा

गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी चपला शोधत होतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "सर, तुमच्या भावाला समजवा. माल मुंबईहून त्या शेठकडून कशाला आणतो? आपल्या माणसाकडून घ्यावा. पैसा आपल्यातच फिरला पाहिजे. ते लोक आपल्याकडून घेतात का?" मी हसलो, मान डोलावली, चपला सापडल्या, निघालो. उत्तर तिथे दिले नाही, कारण ते चपला घालता घालता देण्याएवढे लहान नाही. इथे देतो. ते गृहस्थ हा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल की मास्तराने व्याकरण शिकवावे, धंद्यात नाक खुपसू नये. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. धाकट्या भावाचे भुसावळात कॉम्प्युटरचे दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय चौदाचा गाळा. पुढे काउंटर, मागे टेबलावर उघडे पडलेले दोन-तीन सीपीयू, भिंतीला लटकलेल्या केबली, कोपऱ्यात प्रिंटरच्या रिकाम्या काडतुसांचा ढीग. असेंबल मशीन, जुने रिफर्बिश्ड मशीन, दुरुस्ती, सीसीटीव्ही, रिफिलिंग, जे येईल ते. शाळा सुटल्यावर संध्याकाळी दीड-दोन तास मी त्याचा हिशोब बघतो. खरेदी कोणाकडून, कितीला, बिल आले का, परत पाठवलेला माल आला का, हे सगळे माझ्या वहीत असते. म्हणून गिऱ्हाईक कसे वागते त्यापेक्षा माल देणारा कसा वागतो, हे मला जास्त ठाऊक आहे.

आणि आता कबुली. ज्या व्यवहाराने आमचे दुकान जवळपास बसले होते, त्या व्यवहारात "आपल्या माणसाकडून घे" हे सांगणारा मीच होतो.

२०२३ च्या जूनची गोष्ट. एका शाळेची वीस मशीनची ऑर्डर आली. रिफर्बिश्ड डेस्कटॉप, नवी एसएसडी टाकून, करासहित नगाला १३,५०० रुपये, एकूण २ लाख ७० हजार. निम्मे आधी, निम्मे नंतर. आमच्यासारख्या दुकानाला ही दिवाळी आणि ईद एकत्र. भावाने लॅमिंग्टन रोडच्या एका व्यापाऱ्याकडून भाव घेतला होता: नगाला १२,६००, पक्क्या बिलासह. त्याच आठवड्यात आमच्या नात्यातल्या नात्यातले, पाच वक्त नमाजी, गोड बोलणारे एक गृहस्थ भेटले. त्यांचा रिफर्बिश्ड मालाचाच धंदा. त्यांनी सांगितले ११,२००. रोख. मी विचारले, बिल? ते म्हणाले, "सर, आपण घरचेच. घरात काय बिल?" मला ते वाक्य आवडले. वीस नगांमागे २८ हजार वाचत होते आणि वर सवाबही मिळत होता. मी भावाला म्हटले, यांच्याकडूनच घे.

भावाने मनात हिशोब केला: विक्री २,७०,०००, खरेदी २,२४,०००, सुटले ४६ हजार. हा हिशोब गावोगावचे हजारो दुकानदार रोज करतात. म्हणून तो कसा चुकतो ते जरा सावकाश बघू.

शाळेला पक्के बिल द्यावे लागते, त्याशिवाय त्यांचा ऑडिटर पैसे सोडत नाही. म्हणजे २,७०,००० मधले ४१,१८६ रुपये आमचे नव्हतेच, ते १८ टक्के जीएसटीचे होते. ते सरकारला भरले. उरले २,२८,८१४. खरेदीचे बिल नाही, म्हणून खरेदीवरच्या कराची वजावट शून्य. २,२८,८१४ मधून २,२४,००० वजा करा: ४,८१४ रुपये. मशीनमागे अडीचशे रुपयेसुद्धा नाहीत. त्यात टेम्पोचे भाडे पण यायचे आहे.

आता तोच माल त्या 'महाग' शेठकडून घेतला असता तर? २,५२,००० मोजले असते, पण त्यातला ३८,४४१ रुपये कर वजावटीत परत मिळाला असता. खरी किंमत पडली असती २,१३,५५९. नफा १५,२५५. म्हणजे १,४०० रुपयांनी महाग असलेले मशीन प्रत्यक्षात स्वस्त होते आणि स्वस्त मशीन महाग होते. सातवीच्या मुलाला फळ्यावर पाच मिनिटांत समजावता येईल असे हे गणित आहे. बीएड झालेल्या मास्तराला ते व्यवहार उरकल्यावर समजले. शिवाय बिल नसलेली खरेदी खातेवहीत दाखवायची कशी, हा प्रश्न आयकराच्या वेळी वेगळा उभा राहिला तो राहिलाच.

पण खरा मार अजून पुढे होता. पाच महिन्यांत वीसपैकी अकरा एसएसडी गेल्या. 'नव्या' म्हणून दिलेल्या. एक भावाने उघडली तर आत नखाएवढी पाटी, चिपवरचे नाव खरवडून काढलेले. आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि म्हणाले, "भाई, रिफर्बिश्ड मालाला टेस्टिंग वॉरंटी असते, सात दिवसांची. हे तर धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे." आम्ही काय दाखवणार होतो? बिल नाही, सीरियल नंबरची यादी नाही, वॉरंटीचा शब्द कुठे लिहिलेला नाही. घरात काय बिल! अकरा एसएसडी १,४५० रुपयांनी पदरच्या टाकल्या, १५,९५० गेले. शाळेने उरलेले पैसे चौदा महिने दाबून ठेवले आणि मग वीस हजार कापून दिले. कापले ते बरोबरच केले, त्यांची मुले बंद मशीनसमोर बसत होती. एकतीस हजारांचा खड्डा, भावाच्या फेऱ्या आणि माझी झोप सोडून.

अजून एक शेपूट आहे. ती मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीची होती. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, त्याला टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे २०२३ मध्ये ज्याला हा धंदा कळतो त्या प्रत्येकाला ठाऊक होते. मुंबईच्या शेठने भावाला फोनवर सांगितलेही होते, "शाळेला देतोयस तर आठवी जनरेशन दे, नगाला दोन-तीन हजार जास्त लागतील, पण पोरं चार वर्षं वापरतील." आम्हाला तो माल खपवायला बघतोय असे वाटले. परका ना तो! घरच्या माणसाने मात्र कंपन्यांनी काढून टाकलेला तोच जुना माल आमच्या गळ्यात मारला आणि आम्ही तो मुलांच्या गळ्यात मारला. गेल्या ऑक्टोबरात शाळेचा फोन आला, मशीन अपडेट घेत नाहीत. फोन माझ्या भावाला आला, त्या गृहस्थांना नाही.

आता मशिदीच्या दाराशी भेटलेल्या त्या मित्राच्या वाक्याकडे येतो. "पैसा आपल्यातच फिरला पाहिजे."

हे वाक्य आपल्यात का वाढते आहे, ते मला कळते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोर्च्यांतून, भाषणांतून मुसलमान दुकानदारांवर आर्थिक बहिष्काराच्या हाका दिल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र निघाले, कोणी कोणाकडून घ्यावे ते धर्मावरून ठरवण्यासाठी. माझ्या भावाचे एक जुने गिऱ्हाईक, दहा वर्षे प्रिंटर आमच्याकडे दुरुस्त करणारे, एक दिवस यायचे बंद झाले. का, ते कोणी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. तेव्हा राग येतो, आणि रागात वाटते, मग आपणही आपल्यातच घेऊ.

पण मित्रा, थांब. ज्या गोष्टीला तू त्यांच्या तोंडी जुलूम म्हणतोस, तीच आपल्या तोंडी भाईचारा कशी होते? "त्यांच्याकडून घेऊ नका" आणि "आपल्याकडूनच घ्या" ही एकाच नाण्याच्या दोन बाजूही नाहीत, ती एकच बाजू आहे. बहिष्काराला आपला सगळ्यात भक्कम जबाब हा आहे की आमच्या दुकानात या, माल बघा, बिल बघा, काम बघा, आमचा धर्म कशाला बघता? हा जबाब देणाऱ्याने स्वतः माल घेताना पुरवठादाराचे आडनाव बघून कसे चालेल?

आणि कॉम्प्युटरच्या धंद्यात तर ही भाषा हास्यास्पद आहे. रॅमची चिप सॅमसंग किंवा हायनिक्सची असेल तर कोरियन कंपनीची, मायक्रॉनची असेल तर अमेरिकन. प्रोसेसरमागे काही वेळा तैवान, मदरबोर्ड आणि एसएमपीएसमागे बहुतेक वेळा चीन. तो माल भारतात आणणारे मोठे डिस्ट्रिब्यूटर म्हणजे रेडिंग्टन, इनग्राम मायक्रो, राशी पेरिफेरल्स, सावेक्स. त्यांच्याकडून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. इतक्या हातांतून फिरून आलेल्या रॅमच्या कांडीत शेवटचा एक हात 'आपला' असला म्हणजे पैसा आपल्यात फिरला? त्या साखळीत आपला म्हणावा असा वाटा फक्त एक आहे: माझ्या भावाचे मार्जिन आणि त्याने ठेवलेल्या दोन पोरांचा पगार. तो वाटा वाचवायचा असेल तर माल चांगला आणि बिलासह आला पाहिजे. मग तो कोणाच्या का हाताने येईना.

मराठीत गमतीने म्हणतात, विश्वास पानिपतात मेला. विश्वासराव गेले, तेव्हापासून विश्वास उरला नाही. त्याच १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी चालवत होता. सदाशिवरावभाऊंनी त्याला नेला तो तोफा चालवता येतात म्हणून. समोरून अब्दालीकडून मजहबच्या नावाने हाक येत असताना तो हलला नाही आणि शेवटी मारला गेला. धडा म्हणून मुलांना मी हे सांगतो तेव्हा वर्गात शांतता पसरते. व्यापाराच्या गोष्टीत ते आणायचे कारण एवढेच, की माणूस कामावरून निवडायचा हे काही आपल्याकडे परदेशातून आलेले नवे शास्त्र नाही.

इथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. माझा एक माजी विद्यार्थी, तोही मोबाइल आणि कॉम्प्युटरचे सामान विकतो, मला म्हणाला, "सर, तुमचं सगळं खरं. पण शेठ मला उधार देत नाही. बँक मला दारात उभं करत नाही. आपला माणूस देतो. मग मी कुणाकडे जाऊ?" हे खरे आहे. मुसलमानांपर्यंत बँकेचे कर्ज त्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी पोहोचते, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले. त्यात सूद नको म्हणून आपल्यातले बरेच जण कॅश क्रेडिटच्या वाटेलाच जात नाहीत. त्या भावनेची मी थट्टा करणार नाही, माझ्या घरातही ती आहे.

पण त्या उधारीचा भाव कधी मोजला आहे का? माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत मी बघितले. जो माल रोखीत एक लाखाला, तोच महिन्याच्या उधारीवर एक लाख तीन हजारांना. महिन्याला तीन टक्के. वर्षाला छत्तीस. बँक याच्या निम्मेही घेत नाही. आता हे तीन हजार जायज की नाजायज, ते उलेमांना विचारा, मी मुफ्ती नाही. मला फक्त आकडा दिसतो. सूद नको म्हणून बँकेतून पळालेला पोरगा छत्तीस टक्क्यांच्या दारात जाऊन उभा राहिलाय, आणि वर त्याला 'एहसान' म्हणतोय.

आणि मुफ्ती नसूनही एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, कारण ती वाचायला मुफ्ती असावे लागत नाही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे? नमाजवर नाही, रोज्यावर नाही. सूरह बकरहची २८२ वी आयत, ती उधारीच्या व्यवहारावर आहे. मुदतीचे देणे-घेणे असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात रोख व्यवहाराला तेवढी सवलत दिली आहे. म्हणजे "घरात काय बिल" हे वाक्य आपल्या दीनमधून आलेले नाही. ते आपल्या आळसातून आणि दुसऱ्याच्या लबाडीतून आले आहे, आणि आपण त्याला दीनची टोपी घातली आहे. जो पुरवठादार लिहायला नको म्हणतो, तो तुमच्यावर भरवसा ठेवत नाही. तो तुमच्याकडून भरवसा उधार घेतोय, परतफेडीची तारीख न सांगता.

मी व्याकरणाचा मास्तर असल्याने मला कच्चे बिल म्हणजे कर्ता नसलेले वाक्य वाटते. 'माल दिला गेला.' कोणी दिला? कधी दिला? कोणता दिला? सगळे गाळलेले. भांडण झाले की कर्ता सापडत नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल की सर आपल्याच लोकांना झोडतात आणि शेठची आरती ओवाळतात. २०२२ मध्ये आम्ही एका अगदी नामांकित, काचेच्या दुकानाच्या, परधर्मीय व्यापाऱ्याकडून प्रिंटर आणि यूपीएस घेतले. छापील बिल, शिक्का, सही, सगळे झकपक. त्याने जीएसटीआर-१ भरलाच नाही. आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल उमटले नाही, म्हणून वजावट मिळाली नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम सरळ आहे: पुरवठादाराने विवरणात दाखवले नाही तर तुम्ही मोजलेला कर तुम्हाला मिळत नाही. माझ्या मते हा कायदा अन्यायाचा आहे. आम्ही कर मोजला, त्याने खाल्ला, आणि दंड आम्हाला. चोराला पकडायचे काम सरकारने छोट्या दुकानदाराच्या गळ्यात बांधले आहे. पण कायदा बदलेपर्यंत आपल्याला त्यातच जगायचे आहे. त्या व्यापाऱ्याचा धर्म कोणता होता याने आमचा एक रुपयाही वाचला नाही.

त्या दिवसापासून भाऊ एक काम करतो. नवीन पार्टी आली की तिचा जीएसटी नंबर मागतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघतो. लॉगिनसुद्धा लागत नाही. पंधरा अक्षरांचा नंबर, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू, पुढची दहा अक्षरे त्या माणसाचा पॅन. नोंदणी चालू आहे की रद्द झालेली, विवरणे महिन्याच्या महिन्याला भरतो की चार-चार महिने गायब असतो, सगळे समोर येते. दोन मिनिटे लागतात. मुलीचे स्थळ बघताना आपण सात पिढ्या काढतो, आणि अडीच लाखांचा माल घेताना दोन मिनिटे नाहीत! मग महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होते, तेव्हा खरेदीची बिले एकेक करून ताडून बघायची. हे काम माझ्याकडे आहे. लाल पेनने करतो, सवयच ती.

बाकीच्या गोष्टी भावाने स्वतः ठेचा खाऊन शिकल्या. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेणे. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघणे, कारण चोरवाटेने आलेल्या मालाचा नंबर तिथे दुसऱ्याच देशाचा निघतो. प्रोसेसर बॉक्समधला आहे की ट्रेमधला: इंटेलच्या बॉक्सला कंपनीची तीन वर्षे, आणि ट्रेची वॉरंटी विकणाऱ्याच्या तोंडावर. अडॅप्टर आणि कीबोर्डवर बीआयएसचा, आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि एमआरपी. हार्ड डिस्क किंवा एसएसडी आली की लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती तास चाललेली आहे ते बघायचे. 'नवी' डिस्क नऊ हजार तास चाललेली असेल तर ती कोणाच्या तरी ऑफिसात वर्षभर राबून आली आहे. अर्थात तासांचा आकडा पुसणारेही आहेत, म्हणून यावरही पूर्ण भिस्त नाही.

पण पुरवठादार खरा कळतो तो टंचाईत. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इकडे भाव भडकले, ते भावाच्या उस्तादाने आम्हाला सांगितलेले. २०२५ च्या शेवटी आम्ही स्वतः बघितले. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्या वळल्या, साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले, डिसेंबरात तर मायक्रॉनने आपला क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. सकाळचा भाव संध्याकाळी नाही अशी अवस्था. आमच्या दोन ऑर्डर ॲडव्हान्स देऊन ठरलेल्या होत्या. एका पार्टीने फोन उचलणे बंद केले आणि आठ दिवसांनी ॲडव्हान्स परत पाठवला. माल त्याच्याकडे होता, तोच माल दुसऱ्याला वाढीव भावाने गेला. लॅमिंग्टन रोडच्या त्या शेठने फोन करून सांगितले, "ठरलेल्या वीस कांड्या जुन्या भावाने पाठवतो. यापुढच्या नव्या भावाने, आणि तो भाव फक्त त्या दिवसापुरता." त्याचे त्यात नुकसान होते. त्याने आमच्यावर मेहरबानी केल्याचा आवही आणला नाही. बिल्टीबरोबर बिल आले, बिलावर वीस सीरियल नंबर.

भाऊ रात्रीच्या गाडीने दादरला उतरतो, तिथून ग्रँट रोड, आणि दुकाने उघडायच्या आधी त्या गल्लीत चहा पीत उभा असतो. शेठचा नोकर शटर वर करतो. दहा वर्षांत शेठने त्याला एकदाही घरी बोलावलेले नाही, ईद मुबारकचा मेसेजही नाही. नात्याच्या हिशोबाने ते परकेच आहेत. माझ्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे गेल्या चार वर्षांत परत पाठवलेले सतरा नग आणि बदलून आलेले सतरा नग, असे लिहिलेले आहे.

आता आपल्या अंगणातही झाडू मारतो. जे दुकानदार पुरवठादाराला शिव्या घालतात, ते गिऱ्हाइकाला काय देतात? "बिल हवं तर अठरा टक्के वेगळे" हे वाक्य माझ्या भावाच्या तोंडून मी स्वतः ऐकले आहे. चोरीची विंडोज टाकून "ओरिजिनल आहे" म्हणणे तर आपल्या बाजारात कोणाला पाप वाटतच नाही. ज्या मालाला स्वतः बिल घेतले नाही तो बिलाने विकता येत नाही, म्हणून शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दवाखाना ही सगळी पक्की गिऱ्हाइके हातची जातात, आणि मग आपण म्हणतो, आपल्याला कोणी काम देत नाही. काही ठिकाणी नाव बघून देत नाहीत, हे मी वर लिहिले आहे आणि ते खरे आहे. पण काही ठिकाणी बिल नाही म्हणून देत नाहीत, हेही तितकेच खरे आहे, आणि दुसऱ्या कारणाला आपण पहिल्या कारणामागे लपवतो.

माझ्या पेशातल्या लोकांनाही सोडत नाही. संस्थाचालक, मुख्याध्यापक मंडळी, आपणच सगळ्यात कमी भावाचे कोटेशन घेतो, आपणच सहा-सहा महिने पैसे अडकवतो. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण तो माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. दुकानदाराला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या वसुलीचे संरक्षण त्याला नाही. शाळेने पैसे अडकवले की दुकानदार रोखीचा शेठ सोडून उधारीच्या 'आपल्या माणसा'कडे ढकलला जातो. म्हणजे त्या वीस खराब मशीनच्या साखळीत एक कडी आपल्या शाळांचीही असते. मुलांच्या लॅबमध्ये बंद पडलेले मशीन दिसले की आधी आपली पेमेंटची फाइल उघडून बघा.

मग आपल्या माणसाकडून घ्यायचेच नाही का? घ्या ना! जळगावला एक आपलाच तरुण आहे, सीसीटीव्हीचा माल देतो, बिल देतो, महिन्याच्या महिन्याला विवरण भरतो, बिघडलेला कॅमेरा न कुरकुरता बदलतो. भाऊ सगळे कॅमेरे त्याच्याकडून घेतो. तो आपला आहे याचा आनंदही होतो, खोटे कशाला बोलू. पण तो आनंद बिल आल्यानंतरचा आहे.

ते रिफर्बिश्डवाले गृहस्थ अजून भेटतात. सलाम-दुआ होते, मी कधी तोंड फिरवले नाही. गेल्या आठवड्यात म्हणाले, "सर, रॅमचा थोडा लॉट आलाय, बाजारापेक्षा पंधरा टक्के कमी, भावाला सांगा, घरचंच आहे." मी म्हटले, "जरूर. तुमचा जीएसटी नंबर तेवढा व्हॉट्सॲप करा." ते म्हणाले, "करतो, करतो, घरी गेल्यावर करतो." त्याला आज नऊ दिवस झाले.